टोकन नंबर दोनशे सतरा

पारोळ्यात, बाजारामागच्या गिरणीवर
कळण्याचा डबा रांगेत लावून बसलो होतो.
पुढे चार डबे, त्यातला एक डाळीचा,
म्हणजे अजून अर्धा तास.
झिपरू नानांनी पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवला :
'तठे काय काय देखं रे, भाऊ?'

सुट्टीवर आल्यापासून हा प्रश्न बाराव्यांदा.
न्हाव्याकडे मी क्रेनचं सांगितलं,
बँकेत, पासबुक भरून होईपर्यंत, बर्फाचं.
नानांना खरं सांगावंसं वाटलं.

नाना, जहाज धक्क्याला लागतं तेव्हा
इंजिनातल्या फिटरला शहर मिळत नाही,
यादी मिळते.
पिंटो कुकच्या गुडघ्याला मलम,
कॅडेटच्या चष्म्याचा एक स्क्रू,
सेकंड इंजिनियरला पोस्टाची तिकिटं
(पत्र लिहीत नाही तो, नुसती जमवतो),
आणि माझा जोडा,
धुळ्याला आग्रा रोडवर घेतलेला,
तळ उघडून हसत होता.

गावाचं नाव वालपराइसो.
'वालपापडी?'
असू द्या, वालपापडी.
टेकड्यांना घरं लगडलेली असतात तिथं,
एकाला दुसऱ्याचा रंग चालत नाही.

मलमाच्या दुकानात भाषा संपली
तेव्हा मी लंगडून दाखवलं.
काउंटरमागची बाई उठली
आणि माझ्याहून चांगली लंगडत
मलमाच्या कपाटाकडे गेली.
मंडईत कांद्याचा भाव विचारला.
घ्यायचा नव्हता.

स्क्रू वरच्या टेकडीवर मिळतो म्हणाले.
तिथं लाकडाची एक खोलीच रुळांवरून वर चढते,
आत सात माणसं, एक कुत्रा, आणि मी.
वर पोचलो तर चष्मेवाला जेवायला गेलेला.
म्हणून तासभर समुद्र पाहिला.
तुम्ही विचारता ते पाहणं, नाना, तेवढंच.

नऊ महिने मी त्याच्यावरच होतो,
पण इंजिनरूमला खिडकी नसते.
वरून पाहिला तो पहिल्यांदा.
आणि पाहून काय केलं,
तर आधी आपलं जहाज शोधलं,
जत्रेत आपलं पोरगं शोधावं तसं.

चांभार म्हातारा होता.
भिंतीवर जगाचा नकाशा, खिळ्यांच्या डब्यांमागे अर्धा झाकलेला.
मी नखाने जागा दाखवली.
मुंबई? म्हणाला.
नाही, आत. अजून आत.
त्याच्या बोटाने समुद्र सोडला आणि ते घाबरल्यासारखं थांबलं.
गावाचं नाव त्याने तळावर खडूने लिहिलं,
'पारोला'.
ळ त्याच्या जिभेत बसेना,
चार वेळा प्रयत्न केला बिचाऱ्याने.
उद्या ये, म्हणाला.

रात्री अकराला कळलं, माल लवकर भरला,
पहाटे चारला निघायचं.

हे टोकन.
पितळेचं, दोनशे सतरा.

नानांनी ते तळहातावर तोललं,
दोन्ही बाजूंनी पाहिलं,
धोतराच्या सोग्याने जरा पुसलंही.
'मंग जोडा आजून तठेच शे का?'
असेल. फळीवर.
दुकानाच्या दारातून उतार सरळ धक्क्यावर जातो.
'नवा व्हता?'
अडीच वर्षांचा.
'मंग जाऊ दे.'
पण टोकन लगेच परत दिलं नाही.

कळणा कुणाचा, कळणा, म्हणून गिरणीवाला ओरडला.

डबा गरम. खांद्यावर रुमाल टाकून उचलला.
वाटेत किल्ल्याच्या खंदकाशी हात बदलायला थांबलो.
शाळेच्या सहलीनंतर आत गेलेलो नाही,
इथंच राहत होतो म्हणून.
जावं का?
खिशात यादी होती :
मीठ, शिवणाच्या मशिनची सुई,
पोरीच्या वह्यांना खाकी कव्हरं.
दुकान दोनला बंद होतं.

खाकी संपली होती.
निळी आणली.